चार तारांची एक वाट

जुन्या काळी मोठ्या विहिरीवर एकाच वेळी दोन किंवा चार मोटा चालत. प्रत्येक मोटेची बैलजोडी निराळी, नाडा निराळा. परंतु पाणी अखेर एकाच पाटाने मळ्यात जाई. एखादा नाडा तुटला तरी पाट कोरडा पडत नसे, धार तेवढी बारीक होई. संगणकांच्या जाळ्यात स्विच नावाच्या पेटीवरील अनेक पोर्ट एकत्र बांधून त्यांचा जो एक गट करतात, त्यामागील विचार नेमका हाच आहे.

बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरसारख्या गावी एखाद्या शाळेच्या दोन इमारती आहेत असे समजू. एकीत वीस संगणकांचा वर्ग आणि दुसरीत कार्यालय. सर्वांच्या फायली ठेवणारा संगणक कार्यालयात. दोन्हीकडे एकेक स्विच असून त्यांना एक गिगाबिटची एकच तार जोडते. वीसही मुले एकदम फायली मागू लागली की ती तार अपुरी पडणार हे उघड आहे. मग आणखी एक तार टाकावी, हे कोणालाही सुचेल. परंतु दोन साध्या स्विचांमध्ये नुसती दुसरी तार लावली, तर सर्वांना उद्देशून निघालेला निरोप एका तारेने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा फिरतो, आणि क्षणार्धात सारे जाळे त्या फेऱ्यांनीच गुदमरते. या संकटावर रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली तोड शोधली. स्विच आपापसांत विचारविनिमय करून जास्तीची वाट बंद ठेवतात आणि पहिली तुटली तरच ती उघडतात. जाळे वाचते खरे; पण पैसे दोन तारांचे आणि काम एकीचेच.

दोन्ही तारा राबाव्यात आणि फेराही पडू नये, यासाठी त्या दोन नसून एकच आहे असे स्विचला पटवावे लागते. ही युक्ती १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत कॅलिफोर्नियातील ज्या कंपनीने बाजारात आणली, तिचे नाव ‘कल्पना’ होते. तिच्या संस्थापकांपैकी एक, भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज, यांच्या पत्नीचे ते नाव. मराठी कानाला ते अगदी घरचे वाटेल, आणि या कामगिरीला शोभणारेही. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. पुढे २००० साली आयईईई या संस्थेने ‘८०२.३ एडी’ हे सर्वमान्य प्रमाण ठरविले, त्यामुळे निरनिराळ्या कारखान्यांच्या पेट्याही एकमेकींशी गट बांधू लागल्या.

गट बांधताना त्यातील सर्व पोर्टांचा वेग आणि त्यांच्यावरील इतर नेमणुका समान असाव्या लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गट दोन्ही टोकांना बांधावा लागतो. त्यासाठी एलएसीपी नावाची बोलणी आहे. तीत पोर्ट ‘सक्रिय’ असेल तर स्वतःहून बोलतो, ‘निष्क्रिय’ असेल तर विचारल्यावरच उत्तर देतो. दोन्ही टोके निष्क्रिय ठेवली तर ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ म्हणत दोघेही गप्प बसतात आणि गट काही होत नाही. बोलण्याशिवाय सक्तीने गट बांधण्याचीही सोय आहे. पण एका टोकाला गट आणि दुसऱ्याला नाही अशी चूक झाली, तर तीत सांगणारा कोणी नसतो आणि निरोप वाटेतच नाहीसे होऊ लागतात. म्हणून शहाणा कारागीर आधी दोन्ही स्विचांवर नेमणूक पुरी करतो आणि मगच दुसरी तार खोचतो.

येथवर मोटेचा दाखला ठीक चालला. पुढे मात्र तो अडतो. पाण्याला क्रम नसतो, माहितीला असतो. एकाच फाइलचे तुकडे चार तारांवर उधळले तर ते मागेपुढे पोहोचतील. म्हणून स्विच पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता पाहून एक आकडेमोड करतो आणि त्या दोघांचे सारे संभाषण एकाच तारेवर ठेवतो. चार तारा बांधल्या म्हणून एका मुलाची एक फाइल चौपट वेगाने येत नाही; वीस मुलांची गर्दी चार वाटांवर वाटली जाते, एवढेच. आणि स्विच केवळ घेणाऱ्याचाच पत्ता पाहत असेल, तर वीसही मुलांनी कार्यालयातील त्या एका संगणकाकडे पाठविलेले सर्व काही एकाच तारेवर लोटेल आणि बाकीच्या तीन रिकाम्या राहतील. शिवाय तो संगणक स्वतः आपल्या स्विचला एकाच तारेने जोडलेला असेल, तर अडचण तेथे जाऊन बसते. त्याचेही पोर्ट गटाने बांधावे लागतात. निराशा बहुधा या ठिकाणीच होते, आणि दोष मात्र स्विचला दिला जातो.

गावाबाहेरून येणारी इंटरनेटची वाटही अशा गटाने रुंदावत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची जी योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली आणि जी पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली, तिच्या २०२३ च्या सुधारित रूपात तंतूंची कडी करून दोन बाजूंनी वाट देण्याचे धोरण आले. त्याचे कारण समजण्याजोगे आहे. एकाच चरात पुरलेल्या चारही तारा खोदकामाच्या यंत्राच्या एका घावात तुटतात, आणि मग त्यांचा गट कितीही नीट बांधलेला असला तरी कामाचा नाही. शाळेच्या दोन इमारतींमध्येसुद्धा दुसरी तार शक्य तर निराळ्या भिंतीने न्यावी. उंदीर दोन्ही भिंती एकाच रात्री गाठील असे सहसा होत नाही.

काम झाल्यावर एखादी मोठी फाइल पाठवीत असतानाच गटातली एक तार मुद्दाम उपसावी. टोक उपटल्याचे स्विचला तत्काळ कळते आणि ते काम दुसऱ्या तारेवर जाते. तार जागेवर असून नुसती मुकी झाली तर मात्र वेळ लागतो: बोलणी दर सेकंदाला ठेवली असेल तर तीन सेकंद, दर तीस सेकंदांनी ठेवली असेल तर दीड मिनिट. परीक्षांचे अर्ज भरण्याच्या दिवशी यांतले कोणते हवे, ते आधीच ठरवून ठेवलेले बरे.