पाय मिळाला, पुढे काय?



जैन समाजाला अपंगसेवा नवीन नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ साली, जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सिद्ध केलेला ‘जयपूर फूट’ या समितीने असंख्य गरजूंना विनामूल्य बसवून दिला. गावोगावी शिबिरे भरली. मात्र शिबिरातून नवा पाय घेऊन परतलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चालत कोठे जातो, हे सहसा कोणी विचारीत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांपैकी कामधंदा करणारे सुमारे ३६ टक्केच होते.

कायद्याने दार उघडलेले आहे. १९९५ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. बीजभांडवलाची कर्जे आहेत, महामंडळ आहे. परंतु या सर्वांची किल्ली एकच : किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र. अर्ज आता संगणकावरून करता येतो, तपासणीला मात्र रुग्णालयात जावेच लागते. तळेऱ्याहून ओरोसला जाणे धडधाकट माणसाला काही विशेष वाटत नाही. ज्याला एस.टी.ची उंच पायरी चढता येत नाही, ज्याच्यासोबत घरातील एकाने दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते, त्याला हाच प्रवास योजनेपासून दूर ठेवतो. प्रवासभाड्यातील सवलतही पुन्हा प्रमाणपत्र मिळाल्यावरच! कर्जासाठी जामीनदार हवा, आणि ज्याच्या कमाईवर घरच्यांचाच विश्वास नाही, त्याला जामीन राहणार कोण?

तळेऱ्याच्या तिठ्यावरून गगनबावड्यामार्गे जो रस्ता कोल्हापूरला जातो, त्याच्या टोकाला एक वेगळे उदाहरण घडले. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांना केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी मिळाली. चाकाच्या खुर्चीवरील माणूस पगार घेऊ शकतो, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात अनुभवले. १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. वसतिगृह झाले, शाळा झाली. पण शिकलेल्या मुलांना काम कोण देणार, हा प्रश्न उरलाच. म्हणून संस्थेने घाट उतरून याच सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात, ‘स्वप्ननगरी’ वसविली आणि तेथे काजूप्रक्रियेचे काम अपंगांच्या हाती दिले.

काजूच निवडला, यात मोठे शहाणपण होते. साल काढणे, गर सोलणे, अख्खा आणि पाकळी वेगळी करणे, वजन करून पिशव्या भरणे ही सारी बसून करण्याची कामे. त्यांना नजर आणि बोटे लागतात, पाय लागत नाहीत. ज्याला ऐकू येत नाही त्याचे तर यात काहीच अडत नाही. कोकणात काजूचे कारखाने जागोजागी आहेत. तेथे अपंग कामगार दिसत नसेल, तर अनेकदा कारण कामात नसते, दारातील दोन पायऱ्यांत, आडबाजूच्या शौचालयात, आणि “त्याला कशाला त्रास?” या प्रेमळ वाक्यात असते. हे वाक्य नकारापेक्षा कठोर आहे, कारण त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

येथे दुकान, वखार, कारखाना चालविणारे अनेक जण बसले आहेत. हिशेब लिहिणे, माल मोजणे, दूरध्वनीवर मागणी उतरवून घेणे, यांसाठी माणूस शोधताना अपंग उमेदवाराला बोलावून त्याची परीक्षा तरी घेता येईल. पगार मात्र इतरांइतकाच. अर्धा पगार देऊन उपकार केल्याचा भाव नको. विश्वस्त मंडळालाही फार खर्चाचे काम नाही. शिबिराच्या वहीत नाव, गाव आणि बसविलेला पाय यांची नोंद होतेच. त्यापुढे आणखी दोन रकाने आखावेत : प्रमाणपत्र आहे काय, आणि कोणते काम येते. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यांना एका गाडीतून ओरोसला नेऊन आणावे. शिवाय ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारता येईल.