उंबरठ्याबाहेरची प्रार्थना

ख्रिस्ती मंडळ्यांचे छोटे छोटे गट आज कित्येक शहरांतून बागेत किंवा कॉफीगृहात जमतात. पावित्र्य असे उघड्यावर आणले की ते उणावते, असे अनेक श्रद्धाळूंना वाटते. हा आक्षेप जुनाच आहे. किंबहुना, ज्याच्या मनात तो खोलवर रुजला होता, त्यानेच पुढे उघड्यावरच्या उपासनेला प्रतिष्ठा मिळवून दिली.

जॉन वेस्ली हा इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचा धर्मोपदेशक. चर्चच्या वास्तूबाहेर आत्म्यांचा उद्धार करणे त्याला जवळजवळ पापच वाटे. परंतु १७३९ साली जॉर्ज व्हाइटफील्ड याने ब्रिस्टॉलजवळच्या किंग्जवुड येथे कोळशाच्या खाणीतील मजुरांपुढे उघड्यावर प्रवचने केली आणि वेस्लीला बोलावून घेतले. २ एप्रिल रोजी वेस्ली शहरालगतच्या एका उंचवट्यावर उभा राहिला. समोर सुमारे तीन हजार माणसे होती. त्याचा संकोच तेथेच गळाला.

मैदानात माणसे जमतात खरी, पण तेथे एकेकाची विचारपूस होत नाही. ती सोय अगदी अनपेक्षितपणे झाली. १७४२ मध्ये ब्रिस्टॉल येथील सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि बाराजणांमागे एकाने ती घरोघर जाऊन गोळा करावी, असे ठरले. पैसे मागण्यासाठी दारी गेलेल्यांना माणसांची सुखदुःखे कळू लागली, आणि वर्गणीची ही योजना आत्मिक विचारपुशीची योजना झाली.

मात्र घरी जाण्यात एक अडचण निघाली. पुष्कळ सभासद चाकरीला होते. मालकाच्या किंवा नातलगांच्या छपराखाली राहणाऱ्यांना असा पाहुणा येणे परवडणारे नव्हते. जेथे मज्जाव नव्हता, तेथेही चार माणसांदेखत मनातले बोलता येत नसे. म्हणून प्रत्येक गटाने आठवड्यातून एकदा एकत्र जमावे, असे ठरले. ज्यांना स्वतःची खोली नव्हती, त्यांना निदान तासभर स्वतःची जागा मिळाली.

महाराष्ट्रातही अशी तळमळ दिसून आली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्याची दारे बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही सारखीच खुली होती. उंबरठा ओलांडण्यास जो कचरतो, त्याच्यासाठी उंबरठाच बाजूला सारावा, हा त्यामागचा भाव.

तेव्हा जागा चर्चची की बागेची, हा प्रश्न दुय्यम ठरतो. तेथे येणारा संकोचतो काय, आणि आल्यावर त्याला मन मोकळे करता येते काय, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे. पहिल्याचे उत्तर बहुधा मोकळी जागा देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र जमलेल्या मंडळींनाच द्यावे लागते. शेजारच्या बाकावरील परक्याच्या कानी पडू नये असे दुःख कोणी बोलू लागला, तर गटाने तेथून उठून त्याच्याबरोबर चार पावले चालावे. त्या चार पावलांतही प्रार्थना असते.