आधी काडतूस, मग बंदूक

बंदूक विकत घेणारा माणूस आधी बंदूक बघतो आणि मग काडतुसं मागतो. बंदूक बांधायचा विचार करणारा मात्र उलट्या टोकापासून सुरुवात करतो. धुळ्यातले माझे एक स्नेही आहेत, लेथवर उभं आयुष्य गेलेले. ते हे सूत्र अहिराणीत सांगतात, ‘पहिले गोयी, मंग बंदूक.’ मी कविता लिहिणारा माणूस. बंदूक कधी हाती धरलेली नाही. पण गझलेत आधी रदीफ-काफिया ठरतो आणि शेर त्याच्याभोवती उभे राहतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला चटकन पटलं.

या स्नेह्यांकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात एका रायफलीचा आराखडा आहे, पेन्सिलीनं काढलेला. ही रायफल जगात कुठं नाही आणि तिचं काडतूसही कुठल्या दुकानात मिळत नाही. अमेरिकेत अशा काडतुसाला ‘वाईल्डकॅट’ म्हणतात, म्हणजे रानमांजर. एखाद्या हौशी कारागिरानं बाजारातल्या पुंगळीला नवा आकार देऊन ते केलेलं असतं.

पुंगळी म्हणजे पितळ. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. कारखान्यात त्याची लहानशी वाटी करतात आणि दाबयंत्रात ओढून ओढून ती लांब करतात. ओढलं की पितळ ताठ होतं, मग ते तावून नरम करावं लागतं. जळगावच्या सराफ्यातलं सोनं आणि तांबटाच्या हाताखालचा हंडा याच न्यायानं घडतो. शेवटी तोंड आवळून मान काढतात आणि मानेत गोळी बसवतात. आपल्याच जिल्ह्यात, वरणगावला १९६४ साली स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत सैन्यासाठी काडतुसं होतात. रानमांजरवाला खेळतो तो या मानेशी. कधी ती आवळतो, कधी रुंद करतो, कधी खांद्याचा उतार बदलतो.

एक मान बदलली की बाकीचं सारं बदलतं. गोळी लांब झाली तर नळीतल्या आट्यांना जास्त पीळ हवा, नाहीतर ती हवेत डगमगते. पुंगळीचं बूड मोठं झालं तर बोल्टचं तोंड बदलावं लागतं. काडतूस लांबलं तर मॅगझिन पुरत नाही. नळीच्या मागचं घर कोरायला त्याच मापाचं हत्यार मुद्दाम करून घ्यावं लागतं. घर आणि पुंगळी यांचा मेळ चुकला, तर पुंगळी फाटून तापलेला वायू बार काढणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून वहीतलं प्रत्येक माप दुसऱ्या मापाच्या हातात हात घालून उभं आहे.

अमेरिकेत या हौशीला मोकळं रान मिळालं. तिथं १९२२ साली जन्मलेलं .३५ व्हेलन हे रानमांजर १९८८ साली रेमिंग्टन कंपनीनं आपल्या यादीत घेतलं. रानातून अंगणात यायला त्याला ६६ वर्षं लागली. बहुतेकांच्या नशिबी तेवढंही नसतं. हौशी माणूस जातो आणि त्याच्या मागे एक बंदूक उरते, जिचं काडतूस कुणालाच करता येत नाही.

आपल्या देशातही पुंगळीच्या माना बदलल्या. पण त्यामागे हौस नव्हती, धाक होता. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची अट आली. १९०७ साली इंग्रज सरकारनं .४५० बोअरची काडतुसं हिंदुस्थानात आणि सुदानात आणायला बंदी केली. त्याच बोअरच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना दारूगोळा मिळू नये हा हेतू. तेव्हा शिकारी साहेबांसाठी विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .५०० ची पुंगळी आवळून .४६५ चं काडतूस काढलं. माप बदललं, कायदा सांभाळला.

पुढं .३०३ हे सैन्याचं माप खासगी माणसाला वर्ज्य ठरलं. त्याऐवजी आलं .३१५, मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं आठ मिलिमीटरचं काडतूस. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात या मापाच्या रायफली झाल्या. आणि पोलिसांसाठी, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी काय केलं? .३०३ च्या पुंगळीला मानच काढली नाही. ती सरळ ठेवली, नळी आतून गुळगुळीत केली आणि .४१० ची मस्केट शिपायाच्या हाती दिली. म्हणजे मारा जवळचा, आणि बंदूक पळवली गेली तरी सैन्याची गोळी तिच्यात चालू नये. आपल्याच शिपायावर सरकारचा किती विश्वास होता, ते त्या बिनमानेच्या पुंगळीत दिसतं.

स्नेह्यांची वही इथूनच सुरू होते. त्यांच्या घरी आजोबांपासून आलेली एक विलायती रायफल आहे. रीतसर परवान्यावरची. तिचं काडतूस आपल्याकडे कुठं होत नाही. १९८६ पासून सर्वसामान्य परवानाधारकाला बाहेरून बंदूक आणणंही बंद झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, त्याची त्यांना खंत नाही. पण आजोबांची वस्तू मुकी झाली, हे त्यांना सलतं. म्हणून त्यांनी कागदावर तिला नवी नळी दिली, सहज मिळणाऱ्या पुंगळीतून नवं काडतूस दिलं. लेथ दारात आहे, हातात कसब आहे. तरी त्यांनी लोखंडाला हात लावला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतूस बनवणं आणि बंदुकीत फेरफार करणं परवान्याशिवाय गुन्हा आहे. ‘आजोबांनी कायद्यानं ठेवली, मी बेकायदा बोलकी करू?’ असं ते विचारतात.

खानदेशात जुन्या वाड्यांतून, पाटलांच्या घरांतून अशा मुक्या बंदुका अजून असतील. त्यांच्या घरच्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जवळपासच्या मापाचं काडतूस ‘बघू बसतंय का’ म्हणून कधी घालू नये. त्यात बंदूकही जाते आणि डोळाही. दुसरं, वारसाचा प्रश्न लोंबकळत ठेवू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे धारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. वारसाला नको असेल तर परवानाधारक व्यापाऱ्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते रीतसर सोपवता येतं.

स्नेह्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याला रायफल नको आहे, पण वही मात्र त्यानं मागून घेतली आहे. वडिलांनी तिच्या शेवटच्या पानावर .३१५ चा साधा आराखडा काढून ठेवलाय. मी विचारलं, एवढं अनोखं काडतूस सोडून हे का? ते म्हणाले, ‘भाऊ, आपल्या मागं ज्याची पुंगळी कुणाला तरी मिळंल, तेच काडतूस धरावं.’