दुर्बिणीच्या आदल्या दिवशी

मराठवाड्यात कोलोनोस्कोपीचा बेत ज्या पदार्थांमुळे फसतो, त्यांत साबुदाण्याच्या खिचडीचा नंबर बराच वर लागावा. डॉक्टर सांगतात, आदल्या दिवशी हलकं खा, नंतर नुसतं पातळ घ्या. घरी पोचेपर्यंत या सूचनेचा उपवास होतो. आणि उपवास म्हटला की आपल्याकडं भगर आली, शेंगदाण्याची आमटी आली, खिचडी तर आलीच. दुसऱ्या दिवशी रुग्ण अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "कालपासून अन्नाचा कण पोटात नाही, फक्त फराळ केला."

दुर्बिणीला हा फराळ चालत नाही. कोलोनोस्कोप म्हणजे बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो, आणि आत एक बारीक पोकळी असते. आतड्यात उरलेलं पाणी याच पोकळीतून ओढून घेतात, तुकडा काढायचा चिमटाही यातूनच आत जातो. तिची रुंदी असते जेमतेम पावणेचार मिलिमीटर. शेंगदाण्याची एक पाकळीही तीत मावत नाही. ती अडकली की पाणी ओढणं थांबतं, आणि पाण्याखालचं आतडं दिसायचं बंद होतं.

हा सगळा खटाटोप आहे साधारण दीड मीटर लांबीचं मोठं आतडं आतून बघण्यासाठी. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन डॉक्टरांनी 1969 मध्ये संपूर्ण मोठं आतडं लवचीक दुर्बिणीतून पाहिलं. त्याच वर्षी त्यांनी पोट न फाडता, तारेच्या फासात धरून, आतड्यातला कोंब म्हणजे पॉलिप कापून बाहेर काढला. आज नांदेड-लातूरला हीच तपासणी अर्ध्या-पाऊण तासात उरकते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. प्रत्यक्ष तपासणीचं काम डॉक्टरांचं. पण ती नीट होणार की नाही, हे आदल्या दिवशी रुग्णाच्या घरी, त्याच्या स्वयंपाकघरात आणि संडासात ठरलेलं असतं.

ही तपासणी कुणाला सांगतात? शौचावाटे रक्त जाणारे, महिनोन्‌महिने जुलाब किंवा नव्यानंच बद्धकोष्ठ लागलेले, कारण नसताना वजन उतरलेले, हिमोग्लोबिन कमी भरलेले. आपल्याकडं रक्त दिसलं की घरातलं कुणीही निदान करून टाकतं, मूळव्याध! मग बसस्टँडच्या भिंतीवर 'विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज' लिहिलेला असतोच. पुष्कळदा ती मूळव्याधच निघते, हेही खरं. पण तेच रक्त आतड्याच्या कॅन्सरचं असू शकतं, अल्सरेटिव्ह कोलायटिसचं असू शकतं. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या सांध्यावरचा क्षयरोगही आपल्या देशात दुर्मिळ नाही. बाहेरून पोट दाबून यातलं काही कळत नाही.

पथ्याकडं वळू. मराठवाड्याचं जेवण तब्येतीला उत्तम आणि दुर्बिणीला सर्वांत वाईट. ज्वारीची भाकरी, अंबाडीची किंवा करडईची भाजी, सालीसकट डाळी, शेंगदाण्याचा ठेचा, वर जवसाची नाहीतर कारळाची चटणी. या सगळ्यात चोथा आहे, साल आहे, बी आहे. एरवी डॉक्टरच हे खा म्हणून मागं लागतात, तेच या एका वेळी थांबवायला सांगतात. म्हणून आदल्या दिवशी पांढरा भात, दही, गाळलेलं वरण, साल काढून उकडलेला बटाटा, चालत असेल त्याला अंडं, एवढ्यावर भागवायचं. पेरू, टोमॅटो, वांगं, अंजीर यांना हातही लावायचा नाही. काही डॉक्टर हे पथ्य दोन-तीन दिवस सांगतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या 2025 च्या शिफारशींत मात्र, ज्याला दुसरी काही अडचण नाही अशाला आदला एक दिवस पुरे असं म्हटलं आहे. जुनाट बद्धकोष्ठ असेल, मधुमेह बरीच वर्षं असेल, तर जास्त दिवस धरावेत.

नंतरचा टप्पा पातळ पदार्थांचा. ज्यातून पेल्याचा तळ दिसतो ते चालतं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, ओआरएस, भाजीचं निव्वळ वरचं पाणी. दूध आणि ताक बाद. लाल-जांभळं सरबत, कोकम, बिटाचा रस हेही बाद, कारण आतड्यात त्याचा रंग राहिला तर पडद्यावर तो रक्तासारखा दिसतो.

आणि मग येते पावडर. कंपनीचं नाव इथं घ्यायला नको, पण आतला पदार्थ असतो पॉलिइथिलिन ग्लायकॉल आणि जोडीला क्षार. आपल्याकडं मिळणारं नेहमीचं पाकीट दोन लिटर पाण्यात मिसळतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला पितात. चव खारट, किंचित साबणासारखी. या पदार्थाची खुबी अशी, की तो अंगात शोषला जात नाही. आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो आणि आतडं धुऊन बाहेर पडतो. अमेरिकेत जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये हे मिश्रण मांडलं, तेव्हा ते चार लिटर प्यावं लागे. त्याआधी काय होतं? दोन-तीन दिवस नुसतं पातळ, एरंडेल आणि वर एनिमा. एरंडेलाची आठवण असलेल्या पिढीनं दोन लिटरवर फार कुरकुर करू नये.

काही ठिकाणी मॅनिटॉल नावाची साखरेच्या जातीची औषधी पाजत. आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू तयार होतो. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 1979 मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. विजेच्या तारेनं पॉलिप कापताना त्याच्या आतड्यात स्फोट झाला आणि तो दगावला. कमी प्यावं लागतं म्हणून लोक फॉस्फेटची छोटी बाटली पसंत करतात. तिच्यानं मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तसा कडक इशारा दिला आहे. म्हातारी माणसं, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण यांनी औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं काहीही उचलू नये.

औषध थंड करून घेतलं, मध्ये लिंबाची फोड चोखली, घरात येरझाऱ्या घातल्या, की बरंच सुसह्य होतं. उलटीसारखं झालं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करायचं. साधारण तासा-दोन तासांत जुलाब सुरू होतात. पोट साफ झाल्याची खूण लोक चुकीची धरतात. चार-पाच वेळा जाऊन आलं की झालं, असं नसतं. शेवटी लघवीसारखं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडायला हवं. गढूळ किंवा तपकिरी पाणी म्हणजे काम बाकी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. हे औषध एका दमात आदल्या संध्याकाळी संपवू नये. अर्धं रात्री आणि उरलेलं अर्धं सकाळी, तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवायचं. कारण रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली उतरत राहतात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर त्यांचा थर बसतो. नेमक्या याच भागातले पॉलिप बऱ्याचदा चपटे असतात, सहज नजरेतून सुटतात. जुलै 1985 मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ कोलोनोस्कोपीत सापडली, ती या उजव्या टोकालाच.

अमेरिकेच्या अध्यक्षांना सकाळी अकराची वेळ मिळाली तरी फिकीर नसते. किनवट-माहूरकडच्या माणसाला ती असते. नांदेड तिथून शंभर किलोमीटरहून जास्त. अकराची वेळ गाठायची म्हणजे पहाटेची एसटी धरायची, आणि औषधाचा दुसरा डोसही नेमका पहाटेच! लालपरीत संडास नाही. मग माणूस व्यवहारी निर्णय घेतो आणि सकाळचा डोस मोरीत ओततो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. वेळ देतानाच दवाखान्यानं 'कुठून येणार?' हे विचारायला हवं आणि लांबच्याला दुपारची वेळ द्यायला हवी. दवाखान्यानं विचारलं नाही तर रुग्णानं मागून घ्यावी. किंवा आदल्या दुपारीच शहरात यावं, नातेवाइकाकडं, लॉजवर, नाहीतर नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात उतरावं. खोलीला लागून संडास आहे ना, एवढं आधी विचारावं. आदिलाबाद-मुदखेड मार्गावरच्या किनवट, हिमायतनगर, भोकरच्या लोकांना रेल्वेचा पर्याय आहे, आणि रेल्वेत निदान संडासाची सोय असते. उदगीर-लातूर अंतर त्या मानानं कमी, तरी पोटात लिटरभर औषध असताना साठ-पासष्ट किलोमीटर पुष्कळ होतात.

पाण्याचंही बघावं लागतं. लातूरकरांना हे सांगायला नको. मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी शहरात आलं, ती पहिली खेप 12 एप्रिल 2016 ची. आजही उन्हाळ्यात नळ रोज येतोच असं नाही. रात्रीतून दहा-बारा वेळा संडासाला जायचं तर बादल्या आधी भरून ठेवायला हव्यात. तारीख घेताना नळाचा दिवस बघून घेतली तर उत्तम. आणि पारा बेचाळीसवर असताना जुलाबानं अंगातलं पाणी जातं ते वेगळंच. म्हणून औषधाशिवाय ओआरएस आणि पाणी चालू ठेवायचं, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेल्या वेळेपर्यंत.

गोळ्यांबाबत मात्र आपलं डोकं चालवू नये. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात, तिच्यानं मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तसं नाही. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांतली कोणती कधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे पोटाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. स्टेंट बसवलेल्यानं परस्पर गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. इन्सुलिनचा डोस उपाशीपोटी बदलावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या नव्या गोळ्या बहुधा तीन दिवस आधी बंद करतात. ब्लडप्रेशरची सकाळची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घेता येते, पण तीही विचारून. सोपा उपाय म्हणजे गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून पहिल्या भेटीलाच टेबलावर ठेवणं.

सोबत एक जाणतं माणूस हवंच. तपासणीला गुंगीचं इंजेक्शन देतात. माणूस उठतो, बोलतो, चहा मागतो, पण डोकं पूर्ण ताळ्यावर आलेलं नसतं. 19 नोव्हेंबर 2021 ला जो बायडन यांची कोलोनोस्कोपी झाली, तेव्हा 85 मिनिटं राष्ट्राध्यक्षपदाचे अधिकार कमला हॅरिस यांच्याकडं होते. जॉर्ज बुश यांनीही 2002 आणि 2007 मध्ये याच कारणासाठी ते डिक चेनींकडं सोपवले होते. तेव्हा 'मी बरा आहे' म्हणत मोटारसायकलला किक मारणाऱ्या काकांना घरच्यांनी किल्ली देऊ नये. शेताच्या व्यवहाराच्या कागदावर सही, अंगठाही दुसऱ्या दिवशीच.

तपासणीनंतर पोट फुगल्यासारखं वाटतं, वायू सरतो, यात लाजण्यासारखं काही नाही. त्या दिवशी मऊ भात-वरण खावं. भाकरी दुसऱ्या दिवसापासून, पॉलिप काढला असेल तर विचारून. पोटात जोराची कळ आली, ताप चढला किंवा रक्त जास्त जाऊ लागलं, तर सकाळची वाट न बघता दवाखान्याला फोन करायचा. तो नंबर निघतानाच सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवावा. तुकडा तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट वेगळा येतो, काही दिवसांनी, आणि तो आणायला पुन्हा जावंच लागतं.