पेंड, पाला आणि गुरांचें पोट
(दुष्काळनिवारण कमिटीच्या सभेंत झालेलें भाषण)



सोबतच्या विनंतिपत्रांत कमिटीनें कडब्याइतक्याच आग्रहानें पेंडीची मागणी केली आहे. त्यावर कित्येक देणगीदार विचारतात कीं, रानांत बाभळी, बोरी, वड उभे असतां विकतची पेंड कशाला? दुसरे कांहीं म्हणतात कीं, पाल्यांतील टॅनिन पेंडीचें सत्त्व राखतें असें शास्त्रज्ञ सांगतात. तर पाला घालावा व पेंड निम्मी करावी. दोन्ही सूचना सद्धेतूच्या आहेत. त्यांचें उत्तर गुराच्या पोटांत आहे, म्हणून आम्ही तेथूनच प्रारंभ करितों.

गाईबैलांचें पोट चार कप्प्यांचें. पहिला कप्पा म्हणजे आंबवणाचा रांजणच. त्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. कडब्यासारखा काष्ठमय चारा गुराला पचतो तो त्यांच्याच कृपेनें. परंतु हे जंतु पेंडींतील प्रथिनेंही फोडतात व त्यांचा अमोनिया करितात. त्या अमोनियावर ते स्वत:चें शरीर बांधतात, आणि पुढें तेच जंतु चौथ्या कप्प्यांत जाऊन गुराचें अन्न होतात. त्यांच्या गरजेहून अधिक झालेला अमोनिया मात्र रक्तांत शिरतो, यकृतांत त्याचा युरिया होतो, व त्यांतला पुष्कळसा मूत्रावाटे निघून जातो. भुईमुगाची पेंड या कामीं फार हळवी. ती झपाट्यानें फुटते. सरकीची तितकी नाहीं. दात्याच्या रुपयांतले कांहीं आणे असे गोठ्याच्या जमिनींत मुरतात.

हें नुकसान टॅनिननें टळूं शकतें, हें खरें आहे. टॅनिन म्हणजे झाडांतील तुरट द्रव्य. कच्चें जांभूळ खाल्लें असतां जीभ आखडते ती त्याच्यामुळें. कातडें कमावणारे कारागीर बाभळीची साल, तरवड, हिरडा वापरतात ते याच गुणासाठीं. कातड्यांतील प्रथिन तुरट द्रव्याशीं बांधलें गेलें कीं कुजविणाऱ्या जंतूंचें त्यावर कांहीं चालत नाहीं. गुराच्या पहिल्या कप्प्यांत हेंच घडतें. तेथील रस फारसा आंबट नसल्यानें ही गांठ टिकते. चौथ्या कप्प्यांतील तीव्र आम्लांत ती सुटते, आणि प्रथिन पुढें आंतड्यांत गुराच्या पदरीं पडतें. न्यूझीलंडांत लोटस नांवाच्या द्विदल चाऱ्यावर मेंढ्या पोसून हा लाभ पाहण्यांत आला आहे. आपल्याकडे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेंत वडाच्या कुळांतील एका झाडाच्या पाल्यानें कोकरांवर असेच प्रयोग झाले.

मात्र माप संभाळावें लागतें. कोरड्या चाऱ्याच्या शेंकडा २ ते ४ इतकें टॅनिन सामान्यत: हितकर, ५-६ च्या वर गेलें कीं जनावर चाऱ्यावरून तोंड फिरवितें, आणि खाल्लेलेंही नीट पचत नाहीं. कोणत्या पाल्यांत तें किती, हें झाडागणिक व ऋतूगणिक बदलतें. डोळ्यांस दिसत नाहीं.

आतां दुष्काळांतील गुराकडे पाहूं. चाऱ्यांत प्रथिनें शेंकडा सुमारें ७ तरी असावीं लागतात. त्याखालीं पोटांतले जंतुच उपाशी राहतात. ज्वारीच्या कडब्यांत तीं जेमतेम ३-४ असतात. २०१३ व २०१९ सालीं बीड-सोलापुराकडील छावण्यांतून ऊंस पुष्कळ वांटला गेला. त्यांत साखर आहे, पाणी आहे, प्रथिन नांवाला. अशा गुराच्या पोटांत राखण्याजोगें प्रथिनच नसतें. तेथें टॅनिन घालणें म्हणजे रिकाम्या कणगीला कुलूप लावणें. किंबहुना जंतूंच्या तोंडचा उरलासुरला घासही त्यानें बांधला जातो. नुसत्या बाभळीच्या पाल्यावर गुरें जगवूं पाहणाऱ्यांस आमची म्हणून हात जोडून विनंति आहे कीं, तसें करूं नये.

यास्तव आमचा क्रम असा आहे. खंगलेल्या गुरास प्रथम कडब्याबरोबर थोडी थोडी पेंड द्यावी. विहिरीच्या कडेला शेवरी किंवा हादगा मिळाल्यास तो अवश्य घालावा, कारण त्यांत प्रथिन बरेंच व टॅनिन कमी. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको. तिच्यांत मायमोसीन नांवाचें वेगळें विष आहे. जनावर सावरलें, गाय दुभती असली, तिला पेंड भरपूर मिळूं लागली, म्हणजे मग बोरीबाभळीचा वाळविलेला पाला मूठ-दोन मूठ मिसळावा. त्या वेळीं तो पेंडीचें चीज करील; पेंडीची जागा घेणार नाहीं.

म्हणून टॅनिनच्या विकतच्या पुड्यांसाठीं आम्ही एक पैसाही मागत नाहीं. मागतों ती पेंड: सरकीची मिळाल्यास उत्तम, नाहींतर भुईमुगाची. पोतीं कोरडीं व ताजीं असावींत. बुरशी धरलेल्या भुईमुगाच्या पेंडींत अफ्लाटॉक्सिन हें विष असूं शकतें, आणि तें दुधांतही उतरतें. तसली पेंड फुकट आली तरी आम्हांस परत करावी लागेल.