हांक ऐकणारा कान



आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगर कोसळला. दीडशेंवर माणसें गेलीं. ही बातमी बाहेर कशी पडली? गाडलेल्यांची हांक कोणास ऐकूं गेली म्हणून नव्हे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस्. टी. च्या ड्रायव्हरला गांव जागेवर दिसेना, म्हणून. त्या दिवशीं गाडी आलीच नसती तर?

२००५ सालीं आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याच्या ६७ व्या कलमाप्रमाणें धोक्याचा इशारा लोकांपर्यंत न्या, असें सरकार रेडिओवाल्यांस, फोनवाल्यांस फर्मावूं शकतें. चांगलेंच आहे. पण ही वाट वरून खालीं येणारी. खालून वर जाणाऱ्या हांकेचें काय? ११२ नंबर आहे. २०१६ च्या नियमांनीं मोबाइलांत संकटाचें बटणहि सक्तीचें केलें. पण टॉवरच आडवा झाला, तर तें बटण आणि सदऱ्याचें बटण सारखेंच!

कोणी म्हणेल, कायद्यानें का हांक पोंचते? पोंचते. समुद्रावर पोंचली आहे. १९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक जहाज बुडालें, सुमारें दीड हजार माणसें मेलीं. त्याचें बिनतारी यंत्र मदत मागत होतें. कॅलिफोर्नियन नांवाचें जहाज त्या मानानें जवळच उभें होतें. पण त्यावरचा एकुलता एक तारवाला दिवसभराचें काम उरकून निजला होता. त्यास काय बोल लावावा? एक माणूस आठहि प्रहर जागणार कसा? अमेरिकेंत १९१० चा कायदा होता, कीं पन्नास अगर अधिक माणसें नेणाऱ्या जहाजावर यंत्र पाहिजे. यंत्रापाशीं माणूस जागा पाहिजे, हें त्यांत नव्हतें. जुलै १९१२ मध्यें तें आलें: तारवाले दोन, त्यांतला एक सदा कामावर, आणि जहाजाची वीज गेली तरी निदान चार तास यंत्र चालावें अशी निराळी सोय. टायटॅनिकवर लक्षाधीशहि बुडाले, म्हणूनच कायदा तीन महिन्यांत हालला, असें आम्हांस वाटतें.

पन्नास माणसें! आमच्या किती वाड्या त्याहून मोठ्या आहेत! खालापूर तालुक्यांत इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड आली. वाडीस गाडीरस्ता नव्हता. मदतीचे लोक चिखल तुडवीत पायीं चढले. जेथें मदतीस वेळ लागणारच, तेथून हांक तरी तात्काळ निघावी.

म्हणून आमचें मागणें असें. ज्या वाडीस दरडीचा धोका आहे असें सरकारच्याच दप्तरीं लिहिलें आहे, तेथें टॉवरावांचून चालणारें बिनतारी अगर उपग्रहाचें यंत्र, बॅटरीसकट, पावसाळाभर ठेवणें कायद्यानें सक्तीचें करावें. उपग्रहाच्या फोनास परवानगी लागते. ती खटपट सरकारनें करावी, शेतकऱ्यानें नव्हे. चालविण्यास वाडींतलींच दोन माणसें नेमावीं, त्यांत एक बाई असावी, कारण गडीमाणसें मजुरीस दूर जातात. त्यांस पगार द्यावा; फुकटची सेवा दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीं. तालुक्याच्या कचेरींत ऐकणारा रात्रीं जागा आहे कीं नाहीं, हें केव्हांहि हांक मारून पाहण्याचा हक्क ग्रामसभेस असावा, व उत्तर न आल्यास अंमलदारानें लेखी जबाब द्यावा.

येत्या ग्रामसभेंत हा ठराव मांडा. यंत्र कोणाच्या घरीं ठेवावें हेंहि तेव्हांच ठरवा. पाटलाचा वाडा मोठा म्हणून तेथें नको. कड्यापासून आणि ओढ्यापासून जें घर दूर असेल, तेथें ठेवा.