साक्ष कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘धर्मश्रद्धा आणि कार्यकर्ता’ असा विषय दिला, तेव्हा आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा विषय कशासाठी, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “सर, तुमच्याविषयी दोन्ही बाजूंची तक्रार आहे, म्हणून.” तक्रार खरी आहे. ती काय आहे हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे हवेत राहणार नाही.

मी अज्ञेयवादी आहे. ईश्वर आहे असे मानण्यास पुरेसा आधार मला सापडलेला नाही आणि तो नाहीच असे छातीठोकपणे सांगण्याइतकाही सापडलेला नाही. हक्स्लेने १८६९ साली या भूमिकेसाठी इंग्रजीत जो शब्द घडवला, त्याचा हा आपला प्रतिशब्द. असे म्हटले की कोणीतरी लगेच नासदीय सूक्ताचा दाखला देतो. देवो बापडा, आपल्या संशयाला वेदांचे प्रमाणपत्र मिळवण्याची हौस मला नाही. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. पहिलीचे गणित मांडता येते, दुसरीचे येत नाही. ईश्वराचा प्रश्न मी दुसऱ्या खान्यात टाकतो. ईश्वर मानून ठेवण्यात तोटा नाही, असलाच तर लाभच, हा पास्कालच्या पैजेचा हिशेब मला त्यामुळेच कधी पटला नाही. भक्तीचा असा विमा उतरवणाऱ्याला कोणताही खरा वारकरी हसेल.

वारकऱ्यांविषयी मी ऐकीव बोलत नाही. माझ्या पत्नीचे माहेर माळशिरस तालुक्यातले, माळकऱ्यांचे. १९८५ साली आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले. तिची माळ, तिची एकादशी आणि संध्याकाळचा हरिपाठ तिच्याबरोबर घरात आले आणि राहिले. तीन वर्षांपूर्वी ती गेली. हरिपाठ तिला मुखोद्गत होता; पण शेवटच्या महिन्यांत दम पुरेना, मध्येच धागा तुटे. एका संध्याकाळी ती म्हणाली, “तुम्ही म्हणा, मी ऐकते.” त्या दिवसापासून अखेरपर्यंत मी तिच्या उशाशी बसून हरिपाठ वाचला. माझा उच्चार चुकला की ती डोळे मिटूनच दुरुस्त करी. समाचाराला आलेल्या आपल्याच एका साथीने हे पाहिले आणि दारात चपला घालताना मला विचारले, “सर, शेवटी तुम्हीही?”

पुढे दहाव्याचा विधी माझ्या मुलाने त्याच्या इच्छेने केला. मी घाटावर त्याच्याजवळ उभा होतो, विधीला बसलो नाही. मेहुण्यांनी त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले. म्हणजे एकाच महिन्यात मी ढोंगीही ठरलो आणि दगडही.

या दोन वागण्यांत मला विसंगती दिसत नाही. हरिपाठ वाचताना श्रद्धा तिची होती, आवाज तेवढा माझा होता. विधीला बसलो असतो तर संकल्पात माझे नाव उच्चारले गेले असते. त्या ठिकाणी मी स्वतःची साक्ष दिली असती आणि ती खोटी ठरली असती. दुसऱ्याच्या श्रद्धेला मी आवाज देऊ शकतो, हात देऊ शकतो, प्रसंगी खांदाही देऊ शकतो. माझी साक्ष मात्र मला देता येत नाही. आदर आणि लाचारी यांतली सीमारेषा मला येथे दिसते.

हा भेद मी माझ्या सोयीसाठी काढला आहे असे कोणाला वाटेल, म्हणून संविधानसभेतला एक प्रसंग सांगतो. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की, उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. आयसीएसचा राजीनामा देऊन स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला आणि पुढे प्रजासमाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेलेला हा माणूस. त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. त्यांना विरोध कोणी केला? त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्ले यांनी. तेही पुढे प्रजासमाजवादीच. स्वतः आस्तिक असूनही त्यांचे म्हणणे असे की, ही दुरुस्ती स्वीकारणे म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती करणे होय. विचार, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य ज्या उद्देशिकेत आपण देतो तिच्याशी हे विसंगत आहे, असे हृदयनाथ कुंझरू यांनी सांगितले. ईश्वरावर मत देण्याच्या पेचात आम्हांला टाकू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामत हटले नाहीत. मतदान झाले आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली.

ते ६८ जण नास्तिक होते असे समजण्याचे कारण नाही. थाणू पिल्ले तर नव्हतेच. आपला ईश्वर दुसऱ्याच्या तोंडी सक्तीने घालायचा नाही, एवढे त्यांना कळले होते. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे दोन पर्याय आहेत: ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’. ज्याची साक्ष खरी वाटते त्याने ती काढावी. ज्याला वाटत नाही त्याच्या शब्दाची किंमत तेवढीच. विद्यार्थ्यांना राज्यघटना शिकवताना या ओळीवरून आपण भरभर पुढे जातो.

आगरकरांचे उदाहरण आपल्या घरातले. पुण्यात विरोधकांनी त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढली. पण घरात यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांच्या आड ते आले नाहीत. काही जण याला त्यांची दुर्बलता म्हणतात. मला ते पटत नाही. नवरेपणाचा अधिकार हा युक्तिवाद नव्हे, हे स्त्रीस्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या त्या माणसाला समजत होते.

मग सगळ्याच श्रद्धांपुढे मान तुकवायची काय? नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, ते विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून. अस्पृश्याच्या स्पर्शाने देव बाटतो, हीही कोणाची तरी श्रद्धाच होती आणि तिला शास्त्राचा आधार दाखवला जात होता. गुरुजी स्वतः भाविक. तरी त्या श्रद्धेचा मान राखून ते गप्प राहिले नाहीत, कारण तिची किंमत दुसराच माणूस मोजत होता. १० मे रोजी त्यांचे उपोषण सुटले, ते मंदिर खुले करण्याचे ठरल्यावरच.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हीच रेघ कायद्यात आणण्यासाठी वर्षानुवर्षे धडपड केली. वारी बंद होणार, कीर्तनावर बंदी येणार, अशी भीती त्या विधेयकाविरुद्ध पसरवली गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. तो काढून वाचा. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, परिक्रमा यांना हा कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. बंदी आहे ती नरबळीवर, अघोरी उपचारांवर, चमत्काराच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीवर.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या एका शाखेत फार उमेदीने काम करणारी एक भगिनी येत असे. रेशनच्या प्रश्नावर तहसीलदाराला निरुत्तर करणारी. तिच्या गुरुवारच्या उपासावर बैठकीत कोटी होई, सगळे हसत, आणि साबुदाण्याची खिचडी मात्र सगळे खात. ती यायची थांबली. तिच्या जागी आपण अजून कोणी आणू शकलेलो नाही. दुसऱ्या गावी निवडणूक आली तशी आपल्याच कार्यालयात सत्यनारायण घातला गेला, ‘लोकांना बरे वाटावे’ म्हणून! ज्या पूजेवर आपला काडीचा विश्वास नाही ती मतांसाठी घालणे, यात लोकांच्या श्रद्धेचा आदर कोठे आला? पहिल्या ठिकाणी आपण तिला मूर्ख समजलो. दुसऱ्या ठिकाणी साऱ्या गावाला. थट्टा निदान उघड तरी होती.

दारात मला तो प्रश्न विचारणारा साथी परवा पुन्हा भेटला. मी हे सगळे त्याच्यापुढे मांडले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आणि वहिनींनीच सांगितले असते, की दहाव्याला तुम्हीच बसा, तर?”

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही, आणि आज तुम्हांलाही देऊ शकत नाही. तिने तसे कधी सांगितले नाही. मला ती सदतीस वर्षे ओळखत होती.